आगोटीचं पाणी वैशाखापर्यंत

दापोली तालुक्यातल्या केळशीच्या किनारपट्टीला वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस मिळतो. जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सड्यावरून, वरकसातून, कुणग्यांच्या मेरा ओलांडून पऱ्यांत, म्हणजे ओढ्यांत, आणि पऱ्यांतून भारजेच्या खाडीत तो निघून जातो. शिमगा उलटला की आगरातल्या विहिरींचा तळ दिसायला लागतो आणि खाडीजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. जिथे श्रावणात चिखल तुडवत फिरावं लागतं, तिथेच चैत्रात महालक्ष्मीच्या उत्सवाला आलेल्या पाहुण्यांसाठी पाणी जपून वापरावं लागतं.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर हा प्रश्न जास्त जवळ आला आहे. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरची माड-पोफळीची आगरं त्या दिवशी आडवी झाली. तेव्हापासून लोकांनी पुन्हा रोपं लावली, अजून लावत आहेत. जुना माड पसरलेल्या मुळांवर एखादा उन्हाळा काढतो, पण तीन-चार वर्षांच्या रोपाला उन्हाळ्यात पाणी चुकलं तर ते जातं किंवा खुरटतं. नवं आगर उभं करायचं असेल तर शेतातून वाहून जाणारं पाणी साठवून पुन्हा वापरण्याची सोय आधी करावी लागेल. ती कशी करायची, किती आकाराची करायची आणि कुठे करायची नाही, हे या लेखात सांगतो.

आधी हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लीटर पाणी होतं. गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. म्हणजे केळशीतल्या एका गुंठ्यावर वर्षाला साडेतीन लाख लीटर आणि एकरावर सुमारे एक कोटी चाळीस लाख लीटर पाणी पडतं.

जालना जिल्ह्यातल्या कडवंचीचं नाव पाणलोटाच्या कामात आदरानं घेतलं जातं. 1996 पासून पुढच्या काही वर्षांत तिथे कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं बांधबंदिस्ती झाली, मग शेततळी झाली आणि त्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तिथला पाऊस आपल्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा आहे. त्यांना प्रत्येक सर पकडावी लागते. आपल्याकडे कुठलाही खड्डा जुलैतच भरतो, पण दिवाळीपर्यंत कोरडा होतो, कारण खाली जांभा आहे आणि जांभा म्हणजे चाळण. त्यामुळे पाणलोटाची जी पुस्तकं देशावरच्या कमी पावसाचा विचार करून लिहिली आहेत, ती जशीच्या तशी इथे लागू होत नाहीत. कोकणात साठवण भरण्याची चिंता नको. भरलेली साठवण सहा-सात महिने गळू न देण्याची चिंता करा, आणि तिचा आकार पावसावरून न ठरवता उन्हाळ्यातल्या गरजेवरून ठरवा.

अस्तराचं शेततळं आभाळातूनच भरू द्या

15 मीटर लांब, 15 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार असलेलं शेततळं घेऊ. त्यात 441 घनमीटर, म्हणजे चार लाख एक्केचाळीस हजार लीटर पाणी मावतं. त्याच्या तोंडाचं क्षेत्र 225 चौरस मीटर. त्या तोंडावर साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस थेट पडला तर पावणेआठ लाख लीटरहून जास्त पाणी होतं. अडीच हजार मिलिमीटर पडला, तरी साडेपाच लाख लीटर. म्हणजे अस्तर घातलेलं तळं केळशीत स्वतःच्या तोंडावरच्या पावसानंच भरतं. त्यात शेतातलं गढूळ पाणी सोडायची गरज नाही.

याचा मोठा फायदा असा की तळ्यात गाळ येत नाही. गाळ उपसताना फावडं-घमेली लागून अस्तर फाटतं आणि मग तळं निकामी होतं. म्हणून तळ्याच्या चारी बाजूंना अर्धा ते एक मीटर उंच बांध घाला आणि वरच्या अंगाला एक चर काढून डोंगराचं पाणी बाजूनं वळवून द्या.

अस्तरासाठी 500 मायक्रॉन जाडीची एचडीपीई जिओमेंब्रेन वापरतात. वरच्या आकाराच्या तळ्याला, कडेच्या चरात दाबण्यासाठी लागणारा भाग धरून, साधारण साडेएकोणीस मीटर चौरसाचा कागद लागतो. सांधे कारखान्यात किंवा जागेवर मशीननं जोडून घ्या, चिकटवून चालत नाही. जांभ्याचे टोकदार खडे कागदाला भोकं पाडतात. त्यामुळे खोदाई झाल्यावर तळ आणि उतार हातानं वेचून काढा आणि मऊ मातीचा थर ठोकून बसवा. खेकडे आणि घुशी बांध पोखरतात, तेव्हा बांधावर बिळं दिसली की लगेच बुजवा.

जागा निवडताना दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे मळ्यासारख्या सखल जमिनीत अस्तराचं तळं करू नका. पावसाळ्यात तिथे भूजल जमिनीच्या पातळीला येतं, खालून दाब देतं आणि कागद फुग्यासारखा वर येतो. दुसरी, तळं आगराच्या किंवा बागेच्या वरच्या अंगाला असू द्या. दहा मीटर उंचीवरून आलेल्या पाण्याला चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब मिळतो, तो ठिबकला पुरतो आणि पंपाचं बिल वाचतं.

ज्यांच्याकडे कातळावर किंवा वरकसात नव्यानं लावलेली आंबा-काजूची कलमं आहेत, त्यांना एवढं मोठं तळं नको. त्यांनी जलकुंड करावं. पाच मीटर लांब, अडीच मीटर रुंद, एक मीटर खोल खड्ड्यात साडेबारा हजार लीटर पाणी राहतं. जांभ्यात उभ्या भिंती टिकतात, त्यामुळे उतार सोडावा लागत नाही. सिलपॉलिनचा कागद घाला आणि पाऊस संपल्यावर वर बांबूच्या आधारानं माडाची झापं टाका. उघड्या पाण्यातून ऑक्टोबर ते मे या काळात मीटरभर उंचीचं पाणी नुसतं वाफ होऊन जातं. तुमचं कुंडच मीटरभर खोल असेल तर झापाशिवाय मेमध्ये त्यात काहीच उरणार नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं अशा जलकुंडांचा प्रसार केला आहे, तिथे जाऊन प्रत्यक्ष पाहून या.

पऱ्याचं पाणी: ऑक्टोबरनंतर अडवा

जुलैतल्या पऱ्याला हात लावू नका. वाटेत येईल ते सगळं तो घेऊन जातो. खरं मोलाचं पाणी भातकापणीनंतरचं असतं, जेव्हा प्रवाह बारीक, संथ आणि स्वच्छ होतो. सेकंदाला फक्त एक लीटर वाहणारी धार दिवसाला 86,400 लीटर पाणी देते. ती मोजायची रीत सोपी आहे. पऱ्यात एखादा पाईप बसवून सगळी धार त्यातून येईल असं करा, खाली 15 लीटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते घड्याळात बघा. पंधरा सेकंद लागले तर एक लीटर, तीस लागले तर अर्धा. दर पंधरा दिवसांनी हा आकडा वहीत लिहा. दोन वर्षांत तुमचा पऱ्या कधी आटतो आणि किती देतो, हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

अडवण्यासाठी वनराई बंधारा पुरतो. पुण्याच्या वनराई संस्थेनं रुजवलेली ही पद्धत महाराष्ट्रभर पोहोचली आहे. या संस्थेचे संस्थापक मोहन धारिया मूळचे महाड तालुक्यातले, म्हणजे आपल्याच डोंगरापलीकडचे. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या पिशव्या दोन तृतीयांश मातीनं भरा, तोंडं शिवा आणि वीटकामात सांधे मोडतात तशा एकाआड एक रचा. पात्र अरुंद, सरळ आणि काठ घट्ट असेल ती जागा निवडा. तळ रुंद आणि माथा निमुळता ठेवा. उंची मीटर-सव्वा मीटरच्या वर नेऊ नका. जिथे दगड-धोंडे हाताशी आहेत तिथे विद्यापीठानं सुचवलेला कोकण विजय बंधारा करता येतो. त्यात दगडांची रचना करून पाण्याच्या अंगाला प्लॅस्टिकचा कागद लावतात.

एका मोठ्या बंधाऱ्यापेक्षा शंभर-दीडशे पावलांवर तीन-चार लहान बंधारे बरे. एक फुटला तरी बाकीचे राहतात, आणि पाणी लांबवर मुरून काठाच्या विहिरी जास्त दिवस टिकतात. बंधाऱ्यामागचं पाणी तिथल्या तिथे वाल, पावटा, भाजीपाल्याला द्या. आणि एक काम नक्की करा: पऱ्या वरच्या अंगाला असेल तर बंधाऱ्यातून पाईप टाकून शेततळ्यात पाणी सोडत राहा, पण पाईपच्या तोंडाला जाळी बांधा. पऱ्या जानेवारीपर्यंत वाहिला, तर तोवर वाफ झालेलं सगळं पाणी भरून निघतं आणि कडक उन्हाळ्याला तुम्ही काठोकाठ भरलेल्या तळ्यानं सामोरे जाता.

पिशव्या भरायला केळशीच्या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकडीला हात लावू नका. अभ्यासकांनी तिच्या थरांतून या किनाऱ्याचा इतिहास वाचला आहे, आणि गावाला समुद्रापासून मिळणारी ती आड आहे. शिवाय किनाऱ्याच्या वाळूत मीठ असतं. पऱ्याच्या पात्रातला गाळ आणि शेताजवळची माती पुरे. मे महिन्यात सगळ्या पिशव्या आणि कागद काढून घ्या. ते केलं नाही तर पहिल्या पुरात प्लॅस्टिक खाडीत आणि तिथून कासवांच्या किनाऱ्यावर जातं.

भाताचं आणि शिंपण्याचं निघालेलं पाणी

भातकापणीच्या आठ-दहा दिवस आधी आपण कुणग्यांतलं पाणी सोडतो. दहा गुंठ्यांत पाच सेंटिमीटर पाणी उभं असेल तर ते पन्नास हजार लीटर असतं. अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यात भातशेतकरी शेताच्या सखल टोकाला खड्डा ठेवतात, निघालेलं पाणी त्यात धरतात आणि पंपानं पुन्हा माथ्यावर चढवतात. आपल्याकडे सगळ्यात खालच्या कुणग्याच्या कोपऱ्यात एक बिनअस्तराचा खड्डा केला तरी हे साधतं. मळ्याची चिकण माती पाणी बरंच धरते आणि हे पाणी कुळथाच्या, पावट्याच्या पेरणीला लगेच वापरायचं असल्यानं ते वैशाखापर्यंत टिकण्याची गरज नसते. या पाण्यात युरियाचा अंश उतरलेला असतो. तो खाडीत गेला तर वाया आणि शेतात परतला तर खत. मात्र औषध फवारलं असेल तर पुढचे काही दिवस ते पाणी साठवणीत घेऊ नका, आणि खड्ड्याचं पाणी प्यायला किंवा गुरांना कधीच देऊ नका.

खड्ड्याच्या तोंडाशी गाळ बसायला दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल असा आधीचा खड्डा हवा आणि त्याच्याही आधी गवताचा पट्टा हवा. सांडव्याचा हिशेब पावसाच्या जोरावर करा. एका एकरावर तासाला शंभर मिलिमीटरची सर आली आणि निम्मं पाणी वाहिलं, तर सेकंदाला सुमारे 56 लीटर पाणी येतं. चार इंची पाईप हे झेपवू शकत नाही. जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेला, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल उघडा सांडवा ठेवा.

आगरात माडा-पोफळींना पाटानं शिंपताना शेवटच्या आळ्यानंतर पाणी वाहून जातं. ते जाऊ देऊ नये, ही समज आपल्या वाडवडिलांना होती. न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात आणि विहिरीच्या सांडपाण्यावर केळी-अळू, ही पद्धत घरोघर होती. तीच पुढे न्या. पाटाच्या शेवटी केळी, अळू, कर्दळ यांचा वाफा करा. शक्य असेल तिथे पाट बंद करून ठिबक घ्या, म्हणजे परत वापरायला लागावं इतकं पाणी वाहणारच नाही. आळ्यांत नारळाची सोडणं उताणी न ठेवता पालथी रचून त्यावर पाला पसरा. ओल जास्त दिवस राहते.

एवढ्या पाण्यात काय जगतं

15 बाय 15 च्या तळ्यातून वाफेची घट वजा जाता अडीच लाख लीटर पाणी हाती येतं असं धरू. माड-पोफळीला जानेवारी ते मे असे 150 दिवस धरून त्या पाण्याचं काय होतं ते बघा.

माड: ठिबकनं झाडाला रोज 40 लीटर. पाणी सुमारे 40 माडांना पुरतं.

पोफळ: रोज 20 लीटर. सुमारे 80 पोफळींना पुरतं.

आंबा-काजूची नवी कलमं: डिसेंबरपासून आठवड्याला 20 लीटर. जवळजवळ 480 कलमं जगतात.

फळावर आलेला हापूस: वाटाण्याएवढी फळं झाल्यावर पंधरा-पंधरा दिवसांनी 200 लीटर, असं चार वेळा. सुमारे 300 झाडं होतात.

हे आकडे पाहिले की निर्णय सोपा होतो. माडांना विहीर आणि पऱ्याचा आधार द्या, साठवणीतलं पाणी नव्या रोपांना आणि आंब्याच्या फळगळीच्या काळाला राखून ठेवा. मोहोर येण्याआधी हापूसला पाणी देऊ नका. त्याला पावसाळ्यानंतरचा ताण हवाच असतो, ओल मिळाली तर मोहोराऐवजी पालवी येते. काढणी जवळ आली की पाणी बंद करा.

जिथे पाणी साठवू नये

खाडीच्या काठाला आणि खाजणात गोड्या पाण्याची साठवण करू नका. भरतीचं पाणी बाजूनं झिरपतं, आणि किनारा नियमन क्षेत्रात खोदकामाला परवानगीही लागते. विहिरीचं पाणी मचूळ वाटत असेल तर मार्च-एप्रिलमध्ये त्याची क्षारता तपासून घ्या. माड थोडा खार सोसतो, पोफळ आणि आंबा सोसत नाहीत. किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, म्हणून मोठ्या पंपानं एकदम उपसा करण्यापेक्षा थोडं थोडं उपसा. वरच्या अंगाला जितकं गोडं पाणी मुरेल, तितका खार मागे राहतो.

दुसरी जागा म्हणजे घरांच्या डोक्यावरचा उभा उतार. जांभ्याखाली मऊ शेडीचा थर असतो. त्यात पाणी मुरलं की तो निसरडा होतो. 22 जुलै 2021 रोजी महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळली, ते दुःख कोकण विसरलेलं नाही. वस्तीच्या वर तीव्र उतारावर समपातळी चर, पाझरखड्डे किंवा तळी काढू नका. तिथे झाडं राखा आणि पाणी सुरक्षितपणे खाली उतरवून द्या.

तळ्याला कुंपण आणि कुलूपबंद फाटक लावा. ओला कागद निसरडा असतो, पडलेल्या माणसाला पोहता येत असूनही वर चढता येत नाही. चारी बाजूंना गाठी मारलेले दोर तळापर्यंत सोडून ठेवा. हा खर्च टाळू नका.

वाटणी आधी ठरवा

बंधारा पाच-सहा घरांच्या श्रमदानातून होतो. भांडणं मात्र पाणी आल्यावर होतात. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात दिलं जाई, भूमिहीनांचाही त्यावर हक्क होता आणि उसाला ते मिळत नसे. आपल्याकडे आकडे वेगळे असतील, पण तत्त्व घेण्यासारखं आहे. कोणत्या वारी कोण, किती तास, कोणत्या पिकाला, आणि पाणी कमी पडलं तर आधी कुणाचं तोडायचं, हे पिशव्या भरण्याआधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मुंबईला असलेल्या सामाईक खातेदारांची संमतीही तेव्हाच घ्या, म्हणजे पुढे काम अडत नाही.

वैयक्तिक शेततळ्याला मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून आकारमानानुसार 75,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. ठिबकचं अनुदान वेगळं असतं. अटी बदलत असतात, म्हणून कृषी विभागाकडून चालू वर्षाचा निर्णय पाहून घ्या आणि मंजुरीपत्र हाती आल्याशिवाय खोदाई सुरू करू नका.

वर्षाचं वेळापत्रक

मार्च-एप्रिल: जागा ठरवणं, पाणी तपासणी, खोदाई. मेचा पहिला पंधरवडा: अस्तर, कुंपण, सांडवा, पऱ्यातल्या पिशव्या काढणं. जून ते सप्टेंबर: मोठ्या सरीनंतर सांडवा आणि बांध पाहणं. ऑक्टोबर: भाताचं पाणी खड्ड्यात घेणं, जलकुंडावर झापं. नोव्हेंबर: बंधारे, पऱ्याची धार मोजणं, तळं भरून ठेवणं. जानेवारीनंतर: ठरलेल्या वाटणीनं पाणी देणं आणि दर आठवड्याला तळ्याची उंची लिहिणं.

या यादीतलं सगळं एका वर्षात होणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. यंदा भातकापणी आणि दिवाळी यांच्यामधल्या आठवड्यात बादली आणि घड्याळ घेऊन आपल्या पऱ्यावर जा आणि धार मोजा. शेजाऱ्यांनाही बरोबर घ्या, कारण पऱ्या त्यांच्याही शेतातून जातो. तो आकडा वहीत लिहिलात की पहिला बंधारा कुठे घालायचा आणि किती रोपं लावायची, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.